हॅमॉक ताणू नका, सैल सोडा : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात तंबूबद्दल लिहिताना मी जाता जाता म्हटलं होतं की दोन बरी झाडं मिळत असतील तर तंबूपेक्षा हॅमॉक, म्हणजे दोन झाडांना टांगून झोपायची कापडी झोळी, घेऊन जा. त्या एका वाक्यावर ढीगभर प्रश्न आले, म्हणून या वेळचं अख्खं सदर हॅमॉकलाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि काही पत्रं थोडी कापलीत, तेवढं समजून घ्या.

प्रश्न : ताई, ऑनलाइन हॅमॉक मागवला आणि पानशेतजवळ मित्राच्या शेतात दोन आंब्यांना बांधला. खाली लोंबू नये म्हणून मस्त ताणून बांधला होता. पण झोपल्यावर दोन्ही बाजूंनी कापड खांद्याला आवळत होतं, पाठ वाकडी झाली आणि अर्ध्या तासात उठून चटईवर जाऊन झोपलो. माल खराब आहे का? (पुणे)

माल चांगला आहे, ताणलात तिथे घोटाळा झालाय. नवीन माणूस शंभरातल्या नव्वद वेळा हेच करतो कारण आपल्याला वाटतं की ताणलं की सपाट होईल आणि सपाट झालं की पाठ सरळ राहील. हॅमॉकमध्ये नेमकं उलटं असतं. आपल्याकडे बाळासाठी साडीची झोळी बांधतात ती आठवा, ती कुणी तारेसारखी ताणून बांधत नाही, चांगली खोल सोडतात म्हणून बाळ तिच्यात नीट मावतं. हॅमॉकलाही तशीच खोली लागते.

आता सैल म्हणजे किती सैल, तर झाडाला बांधलेला पट्टा आडव्या रेषेशी साधारण ३० अंशाचा कोन करून खाली उतरला पाहिजे. हा कोन मोजायला काही लागत नाही, हाताची तर्जनी सरळ आडवी धरा, अंगठा सरळ वर, आणि तर्जनीच्या टोकापासून अंगठ्याच्या टोकापर्यंत जी तिरकी रेषा मनात येते ती साधारण ३० अंशाची. हात पट्ट्याशेजारी धरून बघायचं, पट्टा त्या रेषेला लागून उतरतोय ना, बास.

याच्यामागे साधं गणित आहे आणि ते एकदा कळलं की परत कधी ताणणार नाही तुम्ही. ७० किलोचा माणूस ३० अंशाच्या हॅमॉकमध्ये झोपला तर एकेका पट्ट्यावर साधारण ७० किलोचीच ओढ येते. कोन १५ अंश केला की तीच ओढ १३५ किलोच्या आसपास जाते, १० अंशाला २०० किलो आणि ५ अंशाला, म्हणजे तुम्ही केलं होतं तसं जवळजवळ सरळ ताणल्यावर, ४०० किलो. माणूस तोच, वजन तेच, पण कापडावर, शिलाईवर, पट्ट्यावर आणि त्या बिचाऱ्या आंब्यावर ओढ पाचपट-सहापट. आणि एवढ्या ओढीखाली कापडाच्या दोन्ही कडा घट्ट होऊन आत येतात, तेच तुमच्या खांद्याला आवळत होतं.

दुसरी गोष्ट, सैल बांधलात तरी मधोमध सरळ रेषेत झोपलात तर पाठ वाकणारच. हॅमॉकमध्ये तिरकं झोपायचं असतं. डोकं मध्यरेषेच्या थोडं डावीकडे, पाय थोडे उजवीकडे (किंवा उलट, ज्याला जसं बरं वाटेल तसं), की कापड अंगाखाली पसरतं आणि पाठ खरंच सपाट होते, इतकी की कुशीवरही झोपता येतं. पण तिरकं झोपायला कापडात सैलपणा हवा, ताणलेल्यात तिरकं होताच येत नाही, म्हणून गाडी परत पहिल्या मुद्द्यावर येते.

दर वेळी कोन बघायचा कंटाळा येत असेल तर हॅमॉकच्या दोन टोकांमध्ये वरून एक न ताणणारी बारीक मजबूत दोरी कायमची लावून टाका, तिला रिजलाइन म्हणतात. तिची लांबी हॅमॉकच्या लांबीच्या साधारण ८३ टक्के ठेवायची, म्हणजे ११ फुटी हॅमॉकला सव्वानऊच्या जरा आत, १० फुटीला सव्वाआठच्या जरा वर. मग झाडं जवळ असोत की लांब, हॅमॉकची खोली दर वेळी तीच येते. वर टॉर्च, चष्मा टांगायलाही ती कामाला येते.

प्रश्न : दोन झाडांत अंतर किती हवं आणि पट्टा किती उंचीवर बांधायचा? जंगलात टेप कोण घेऊन जातं! (नाशिक, कॉलेजचा ग्रुप)

टेप नकोच. दोन्ही हात फाकवले की तुमची एक वाव होते, ती साधारण तुमच्या उंचीएवढी असते. साडेपाच फुटांच्या माणसाला अडीच वाव म्हणजे पावणेचौदा फूट, १० ते ११ फुटी हॅमॉकला एकदम झकास अंतर. १२ ते १५ फुटांत काहीही चालेल. १० फुटांच्या आत असेल तर सोडून द्या, हॅमॉक दुमडून खाली टेकेल, दुसरी जोडी शोधा.

उंचीचा अंदाज असा ठेवा : १२ फूट अंतर असेल तर पट्टा ५ फुटांवर, १५ असेल तर ६ फुटांवर, १८ असेल तर ७ फुटांवर. झाडं लांब गेली की पट्टा वर न्यावा लागतो, नाहीतर तो ३० अंशांचा कोन ठेवून हॅमॉक जमिनीला लागतो. आणि शेवटी खरी परीक्षा बसून. तुम्ही बसल्यावर बूड जमिनीपासून दीड फूट, म्हणजे घरातल्या खुर्चीएवढं, पाहिजे. फोटोसाठी माणसं छातीएवढ्या उंचीवर बांधतात, कुणी तर एकावर एक तीन-चार बांधतात, ते कृपा करून करू नका. पडलो तर कमरेला लागणार नाही एवढीच उंची.

प्रश्न : आमचं गुहागरजवळ छोटं होमस्टे आहे. पर्यटक सारखे हॅमॉक मागतात. वाडीत नारळ-पोफळी आहेत, समोर किनाऱ्यावर सुरूचं बन आहे. कुठे बांधू? आणि झाडाला इजा होते का हो? (रत्नागिरी जिल्हा)

दादा, नारळाखाली नको. फोटोत तेच दिसतं सगळीकडे, पण वाडीतल्या माणसाला मी काय सांगू, नारळ पडताना विचारून पडत नाही आणि वाळलेली झावळी पण कमी जड नसते. एखादं झाड पाडेकऱ्याकडून पूर्ण उतरवून घेतलं असेल, वाळक्या झावळ्या काढल्या असतील, तर गोष्ट वेगळी, पण ते दर थोड्या दिवसांनी करत राहावं लागेल आणि हंगामात ते होत नाही. पोफळ तर विसराच, तिचं खोड आडव्या ओढीला वाकतं.

सुरूचं बन चांगलं. खोडं सरळ, अंतरं बरी, खाली वाळू. फक्त कडेची, भरतीच्या लाटांनी मुळं उघडी पडलेली झाडं घेऊ नका, ती वाऱ्यानेच आडवी होतात, आणि बन वन खात्याचं असेल तर आधी त्यांना विचारा. वाडीत आंबा, फणस, जांभूळ असेल तर उत्तम. आंब्याला हात लावायच्या आधी वर बघा, लाल मुंग्यांनी पानं शिवून घरटी केलेली असतात, पट्टा बांधताना फांदी हलली की त्या अंगावर उतरतात आणि मग पर्यटक परत येत नाही. शेवगा नको, तो जरा ओढ बसली की मोडतो. पांगारा आणि काटेसावर, दोघांचं लाकूड हलकं आणि वर काटे. बिब्ब्याला तर अजिबात बांधायचं नाही, त्याचा चीक लागला की फोड उठतात आणि डाग बरेच दिवस राहतात.

जे झाड घ्याल ते जिवंत हवं आणि निदान सहा इंच जाड हवं, म्हणजे दोन्ही हातांच्या पंज्यांनी धरायला गेलं तर पंजे एकमेकांना भिडता कामा नयेत. साल खरवडून बघायची गरज नाही, पानं हिरवी आहेत का आणि ढकललं तर बुंधा हलतो का एवढं बघा. मान वर करून वाळक्या अडकलेल्या फांद्या बघणं हे तर दर वेळी, झोपायच्या आधी परत एकदा. आग्या मोहोळ दिसलं तर तो सगळा परिसरच सोडायचा.

इजेबद्दल विचारलंत ते फार बरं वाटलं, कारण हे कुणी विचारतच नाही. झाडाचं अन्नपाणी वाहून नेणारा थर सालीच्या लगेच आत असतो. बारीक दोरी सालीत रुतली, वर माणूस झोके घेतोय, दोरी घासतेय, रोज नवा पाहुणा आणि रोज त्याच जागी, की तो थर चिरडतो. एका रात्रीत झाड मरत नाही पण होमस्टेसारख्या ठिकाणी वर्षभर हे चाललं तर फरक पडतोच. म्हणून पट्टा रुंद हवा, एक इंच म्हणजे कमीत कमी, तुमच्यासारख्या रोजच्या वापराला दोन इंचाचा घ्या. पट्ट्याखाली जुन्या सतरंजीचा तुकडा घाला. खिळा, हुक ठोकायचा नाही. आणि पट्टे रात्रंदिवस तसेच ठेवू नका, पाहुणा गेला की काढा, पुढच्या आठवड्यात दुसरी जोडी वापरा.

प्रश्न : हॅमॉकसोबत दोन बारीक नायलॉनच्या दोऱ्या आणि दोन एस आकाराचे हुक आलेत. पट्टे वेगळे घ्यायलाच पाहिजेत का? (ठाणे)

हो. नायलॉन ओढीखाली लांबत जातं, झोपताना दीड फुटावर असाल आणि पहाटे पाठ जमिनीला. पॉलिएस्टरचे, ठिकठिकाणी शिवलेले फासे असलेले पट्टे घ्या, गाठ मारावीच लागत नाही. एस हुक बाजूला ठेवा, ओढ सैल झाली की ते निसटतात. त्याऐवजी दोन कॅराबिनर, म्हणजे स्प्रिंगचं दार असलेल्या धातूच्या मजबूत कड्या, त्यावर १२ किंवा जास्त केएन (किलोन्यूटन, ओढ मोजायचं माप) असं छापलेलं बघून, १२ केएन म्हणजे साधारण १२०० किलो. किल्ल्या अडकवायचे रंगीत मिळतात ते दिसायला सारखेच असतात पण त्यांच्यावर जीव टांगायचा नाही.

प्रश्न : पहिल्यांदाच लावणार आहे आणि सोबत कुणी माहितगार नाही. नेमकं आधी काय, मग काय, हे क्रमाने सांगाल का? (सातारा)

आधी मान वर, मग मान खाली. वरचं आत्ताच सांगितलं, खाली बघायचं ते दगड, मुळांचे ठोंब, मुंग्यांचं वारूळ, बीळ. दगड असतील तर जागा बदला, काढत बसू नका.

मग एक पट्टा झाडाभोवती फिरवून त्याचं टोक त्याच्याच फाशातून ओवून घ्या आणि ओढून खोडाला बसवा. पट्टा खोडावर सपाट बसला पाहिजे, पीळ नको. दुसऱ्या झाडालाही तसंच, त्याच उंचीवर. उतार असेल तर उंची जमिनीपासून मोजायची नाही, दोन्ही पट्टे एकमेकांच्या पातळीत हवेत.

आता हॅमॉक, पण तो पिशवीतून उपसून जमिनीवर पसरायचा नाही. बहुतेक हॅमॉकची पिशवी कापडालाच शिवलेली असते, तिच्या तोंडाशी एक टोक वर ठेवलेलं असतं. ते टोक कॅराबिनरने पहिल्या पट्ट्याच्या एखाद्या फाशात अडकवा आणि पिशवी हातात धरून दुसऱ्या झाडाकडे चालायला लागा, कापड आपोआप बाहेर येत जातं आणि मातीला लागतच नाही. दुसरं टोक अडकवा. अडकवल्यावर कॅराबिनरचं दार पूर्ण मिटलंय का ते बोटाने दाबून बघा, त्यात कापडाची घडी किंवा धागा अडकलेला असतो बऱ्याचदा.

कोन बघा, फासा पुढेमागे करा. मग दोन्ही हातांनी कापडाच्या मध्यावर जोर द्या, मग अर्धं वजन टाकून बसा, पाय जमिनीवरच. पहिल्यांदा वजन पडल्यावर पट्टा खोडावर दोन-तीन इंच खाली सरकतो, तो सरकून स्थिर होऊ दे. मग उठून परत कोन बघा. हे झाल्यावरच पाय वर.

बसायची पण रीत आहे. हॅमॉककडे पाठ करून मधोमध उभं राहायचं, दोन्ही हात मागे नेऊन कापड रुंद पसरवायचं, म्हणजे ते पाठीमागे खांद्यापर्यंत आलं पाहिजे, मग सरळ खाली बसायचं. कड पकडून एक पाय टाकून चढायला गेलात की हॅमॉक फिरतो आणि तुम्ही पलीकडे. बसल्यावर आधी पाठ टेकायची, मग दोन्ही पाय एकदम उचलून आत, आणि मग तिरकं व्हायचं. उतरताना बरोब्बर उलटं. खिशातला मोबाईल, चाकू, किल्ल्या आधी काढा, कापड फाटतं ते बहुतेक त्यानेच.

प्रश्न : राधानगरीकडे एका खासगी कॅम्पवर डिसेंबरात हॅमॉकमध्ये झोपलो. चांगली स्लीपिंग बॅग होती तरी पाठ गारठली, वरून घाम आणि खालून थंडी असा प्रकार. असं कसं? (कोल्हापूर)

स्लीपिंग बॅगेची ऊब तिच्या फुगलेल्या भरणातल्या हवेत असते. तुमच्या अंगाखालचं भरण वजनाने दबून चपटं झालं, त्यात हवाच उरली नाही, आणि त्याखाली फक्त एक पातळ कापड आणि त्याच्या खालून सतत वाहणारा वारा. जमिनीवर झोपलं तर निदान वारा तरी खालून जात नाही.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे फोमची कॅरीमॅट आत घालायची. ती सरकते, म्हणून दुहेरी कापडाचा हॅमॉक असेल तर दोन थरांच्या मधे घाला, एकेरी असेल तर स्लीपिंग बॅगेच्या आत घाला. मॅट खांद्यापाशी अरुंद पडते, तिथे जुन्या मॅटचा एक आडवा तुकडा ठेवला की दंड पण उबदार राहतात. दुसरा उपाय अंडरक्विल्ट, म्हणजे हॅमॉकच्या खाली बाहेरून टांगायची रजई, ती दबत नाही म्हणून मस्त काम करते, पण महाग आहे आणि आपल्याकडच्या थंडीला मॅटवर भागतं असं माझं मत आहे, आधी मॅट वापरून बघा.

जागा पण बघा. रात्री थंड हवा जड होऊन उतरते आणि ओढ्याच्या काठाला, धरणाच्या पाण्याजवळ साठते. तिथून जरा वर, उतारावर झाडीत बांधलं तरी फरक कळतो.

प्रश्न : ऑक्टोबरात ट्रेकला जायचंय, परतीचा पाऊस आला तर? (मुंबई, डोंबिवली आणि पेणहूनही हाच प्रश्न)

तर ताडपत्री. ३ बाय ३ मीटरची हलकी टार्प घ्या, ती चौकोन तिरका करून म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत हॅमॉकच्या वरून टाकली की दोन्ही टोकं झाकली जातात. ढगाळ असेल तर ताडपत्री आधी बांधा, हॅमॉक नंतर, आणि आवरताना ताडपत्री सगळ्यात शेवटी काढा, म्हणजे सामान कोरडं राहतं. बाजूच्या दोऱ्या सुरगाठीने बांधा, अंधारात एक टोक ओढलं की सुटली पाहिजे, निरगाठ भिजली की नखं तुटतात.

नवीन माणसाला न कळणारी गोष्ट म्हणजे पाणी वरून येत नाही, पट्ट्यावरून येतं. झाडाच्या खोडावरून ओघळ उतरतो, पट्टा उतरता असतो, त्यावरून पाणी थेट तुमच्या डोक्याशी. ताडपत्रीच्या आत येणाऱ्या पट्ट्याच्या भागावर, कॅराबिनरच्या जरा आधी, झाडाच्या बाजूला, सुती दोरीचा एक तुकडा किंवा बुटाची लेस बांधून लोंबती सोडा, पाणी तिच्यावरून खाली टपकून जातं. दोन्ही बाजूंना.

पण पावसापेक्षा मला विजेची काळजी जास्त वाटते. एप्रिल-मेचा वळीव आणि ऑक्टोबरचा पाऊस, दोन्ही विजा घेऊन येतात. हॅमॉक म्हणजे झाडाला बांधून घेतलेला माणूस. गडगडाट ऐकू आला की उतरायचं, उघड्या माळावरच्या एकुलत्या एक झाडाजवळ, धारेवर, कड्यावर तर थांबायचंच नाही, गाडी किंवा पक्कं घर गाठायचं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप मोबाईलवर घालून ठेवा, आसपास वीज पडतेय का ते त्यात दिसतं. ज्या रात्री विजांचा अंदाज आहे त्या रात्री हॅमॉक न्यायचाच नाही.

प्रश्न : डास, जळवा, गोचीड यांच्यापासून हॅमॉकमध्ये सुटका असते म्हणतात, खरं का? आम्ही दोडामार्गच्या बाजूला जातोय. (गोवा, म्हापसा)

अर्धं खरं. जमिनीवरच्या जळवा आणि कीडमुंगी बऱ्यापैकी टळतात. डास मात्र पातळ नायलॉनच्या आरपार खालून चावतात, वरून जाळी लावली तरी पाठीला चावलेलं असतं, तेव्हा खाली मॅट असेल तर ती पण कामाला येते.

तुम्ही दोडामार्ग म्हणालात म्हणून नीट सांगते. त्या भागात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण सापडलेत, हा विषाणू पहिल्यांदा १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात सापडला होता आणि तो गोचिडींमधून पसरतो, मुख्यतः जानेवारी ते मे या कोरड्या महिन्यांत. गोचीड पाचोळ्यात असते, म्हणजे हॅमॉकमध्ये झोपल्यावर नाही तर झाडं शोधत पाचोळ्यातून फिरताना, सामान खाली ठेवताना ती अंगावर चढते. पूर्ण पँट मोज्यात खोचा, सॅक झाडाला टांगा, रात्री आणि घरी आल्यावर अंग तपासा, कपडे गरम पाण्यात धुवा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, आरोग्य केंद्राला कळवा. नंतर आठवडाभरात जोराचा ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेलो होतो हे आवर्जून सांगा.

आणि हिवाळ्यात वेलींवर तपकिरी केसाळ शेंगा लोंबताना दिसल्या तर ती खाजकुयली, तिची कुसं वाऱ्याने पण उडतात. तिच्या खाली हॅमॉक बांधायचा नाही, सामान पण ठेवायचं नाही.

प्रश्न : परवानगी लागते का? (एकूण बऱ्याच जणांचा प्रश्न)

जिथे रात्री राहायला परवानगी लागते तिथे हॅमॉकलाही लागते. भीमाशंकर, कळसूबाई-हरिश्चंद्रगड, कोयना, राधानगरी ही अभयारण्यं आहेत, चांदोली राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे वन विभागाला विचारल्याशिवाय रात्र काढायची नाही. खासगी शेत, खासगी कॅम्प असेल तर मालकाला विचारा, झाड पण त्याचंच असतं.

गडावर मंदिराच्या खांबाला, दरवाजाच्या कमानीला, तोफेला, बुरुजाच्या दगडाला काहीही बांधायचं नाही. शेकडो वर्षांचं सुटं झालेलं दगडकाम आहे ते, आणि वर सांगितलेली आडवी ओढ त्याला सोसणार नाही.

देवराईत तर हॅमॉक काढूच नका. सगळ्यात जाडजूड, सगळ्यात सुंदर झाडं तिथेच असतात म्हणून मोह होतो. पण गावाने पिढ्यान्‌पिढ्या तिथली वाळकी काडी पण उचललेली नाही, म्हणून ती झाडं उरलीत.

प्रश्न : आवरताना माझा हॅमॉक पिशवीत जातच नाही! घडी घालून घालून दमते, दर वेळी माती आणि काटक्या पण आत जातात. काय युक्ती आहे? (डोंबिवली)

युक्ती ही की घडी घालायचीच नाही आणि हॅमॉक आधी सोडायचा पण नाही. दोन्ही टोकं झाडालाच असताना सुरुवात करायची.

पहिल्यांदा हॅमॉक उलटा करून झटका, पाचोळा, मुंग्या, राहिलेला चमचा सगळं खाली पडतं. मग दव वाळू दे. सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत थांबायची तयारी ठेवा, चहा करा, बाकीचं सामान आवरा, हॅमॉक शेवटी. ऊन आलं की पातळ नायलॉन लगेच वाळतं.

आता ज्या टोकाजवळ पिशवी शिवलेली नाही ते टोक सोडा आणि खांद्यावर टाका. पिशवीवालं टोक पट्ट्यालाच अडकलेलं आहे, म्हणजे पिशवी तुमच्यासमोर छातीएवढ्या उंचीवर लोंबतेय. तिचं तोंड डाव्या हाताने उघडं धरा आणि उजव्या हाताने पिशवीलगतचं कापड मुठीमुठीने आत कोंबा. एक मूठ आत, बोटांनी तळाशी दाबा, दुसरी मूठ. कापड जसं आत जाईल तसा खांद्यावरचा भाग खाली सोडत जायचा, जमिनीला लागू द्यायचा नाही. कोंबल्याने कापड खराब होत नाही, उलट दर वेळी त्याच रेषेवर घडी पडली तर तिथे झिजतं. मधे हवा अडकून पिशवी फुगली की तोंड बंद न करता दोन्ही हातांनी दाबून हवा काढा. शेवटचं टोक वर, तोंडाशी ठेवा, आतमध्ये बुडवू नका, म्हणजे पुढच्या वेळी पिशवी उघडली की ते टोक थेट हाताला लागतं आणि वर सांगितलं तसं चालत चालत उघडता येतं. पिशवी सुटी असेल तर तिच्या तळाला शिंप्याकडून एक छोटं छिद्र करून कडी बसवून घ्या, त्यातून टोक बाहेर काढून अडकवलं की तेच काम होतं.

मग पट्टे. ते हॅमॉकच्या पिशवीत टाकू नका, त्यांना खोडाची माती, चीक, मुंग्या लागलेल्या असतात. हाताच्या चार बोटांभोवती गुंडाळी करा, शेवटच्या हातभर पट्ट्याने गुंडाळीच्या कमरेत दोन वेढे देऊन अडकवा, वेगळ्या पिशवीत. कॅराबिनर कापडात ठेवलेत तर टोकाला अडकवूनच ठेवा, सुटे ठेवले की हरवतात. निघण्याआधी खोडाकडे एकदा वळून बघा, सालीवर पट्ट्याचा ओरखडा दिसला तर पुढच्या वेळी अजून रुंद पट्टा.

ओलाच आवरावा लागला तर ओली पिशवी सॅकच्या बाहेर बांधा आणि घरी पोचल्या पोचल्या, आंघोळीच्या आधी, बाल्कनीत टाका. एक रात्र ओला राहिला की कुबट वास धरतो.

प्रश्न : सहा वर्षांचा मुलगा आणि आठ महिन्यांची मुलगी आहे. दोघांना त्यात ठेवलं तर? (छत्रपती संभाजीनगर)

सहा वर्षांच्याला तुम्ही शेजारी असताना, गुडघ्याएवढ्या उंचीवर, एकट्याला. गोल गोल फिरवून पीळ द्यायचा खेळ नाही, उभं राहून झोके नाहीत. आठ महिन्यांच्या बाळाला त्यात झोपवू नका, तुमच्या कुशीत घेऊन पण नाही, पातळ कापड तोंडावर येतं आणि मान पुढे दुमडते. तिच्यासाठी सपाट अंथरूणच.

प्रश्न : फ्लॅटच्या बाल्कनीत लावता येईल का? एका बाजूला ग्रिल आहे, दुसऱ्या बाजूला विटांचा खांब. हॉलमध्ये झोपाळ्याच्या कड्या पण आहेत. (पिंपरी-चिंचवड)

ग्रिलला नको, विटांच्या खांबाला तर बिलकूल नको. ३० अंशाला ७० किलोच्या माणसाची आडवी ओढ एका बाजूला ६० किलोच्या आसपास येते. विटांचा खांब वरून येणारं वजन मजेत पेलतो पण आडवं ओढलं की सांध्यातून सुटतो आणि अंगावरच येतो, यात माणसं गेलेली आहेत. झोपाळ्याच्या कड्या सरळ खाली ओढ घ्यायला बसवलेल्या असतात, हॅमॉक त्यांना तिरकं ओढतो, म्हणून त्या पण नकोत. आरसीसीच्या कॉलममध्ये योग्य अँकर बोल्ट जाणकार माणसाकडून बसवून घेता येतात, सोसायटीला आणि इंजिनीअरला विचारून. नाहीतर लोखंडी स्टँड मिळतो, तो घ्या, भिंतीला हात लावायला नको.

प्रश्न : पावसाळाभर माळ्यावर ठेवलेलं सगळं काढलं तर हॅमॉकला काळे ठिपके आणि ताडपत्री आतून चिकट झालीय, कपड्यांना चिकटतेय. धुवून जाईल का? (वसई)

ठिपके बुरशीचे आहेत. बादलीत साधं पाणी, थोडा सौम्य साबण, हाताने धुवा, ब्रशने घासू नका, ब्लीच आणि फॅब्रिक कंडिशनर नको, सावलीत वाळवा कारण कडक ऊन सतत लागलं की नायलॉन कमजोर होतं. डाग थोडे राहतील, पण कापड दोन्ही हातांनी जोर लावून ताणून बघा, विशेषतः टोकांच्या शिलाईजवळ. चर्र आवाज आला, धागे सरकले तर तो आता झोपायचा हॅमॉक राहिला नाही, त्याच्या पिशव्या शिवा.

ताडपत्रीचं मात्र वाचणं कठीण. तिच्या आतल्या बाजूला पॉलियुरेथेनचा थर असतो, दमट हवेत घट्ट दाबून महिनोन्‌महिने ठेवली की तो थर विरघळल्यासारखा होऊन चिकट होतो आणि एकदा झाला की धुवून परत येत नाही. नवीन घ्या, आणि तिला पावसाळ्यात माळ्यावर कोंबू नका. पूर्ण वाळवून, सैल गुंडाळून सुती पिशवीत, कपाटात हवा लागेल अशी ठेवा, पावसाळ्यात दोन-तीनदा पंख्याखाली उघडा. जुनीचा एक उपयोग आहे, चिकट बाजू खाली करून हॅमॉकखाली जमिनीवर अंथरा, बूट आणि सॅक ठेवायला.